लाईन गेल्यावर : दुसऱ्या वायरीचा इतिहास

आमच्याकडे वीज जात नाही, ‘लाईन’ जाते. पुण्या-मुंबईकडचे लोक ‘लाईट गेली’ म्हणतात. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या पट्ट्यात मराठी घरात ‘लाईन गेली’ आणि मुस्लिम मोहल्ल्यात ‘लाईन गयी’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. इथे येणारी लाईन एकच असते आणि ती गेली की तिच्यावर लटकलेलं सगळंच जातं.

बँकेचा, रुग्णालयाचा किंवा मोठ्या दुकानाचा सर्व्हर मात्र हे मानायला तयार नसतो. घरच्या कम्प्युटरला एक वायर असते, चांगल्या सर्व्हरच्या पाठीमागे दोन. आत दोन स्वतंत्र पॉवर सप्लाय बसवलेले असतात. दोघं मिळून भार उचलतात, पण प्रत्येकाची ताकद एकट्यानं सगळा भार पेलण्याएवढी ठेवलेली असते. एक जळाला तर दुसरा चालू राहतो आणि जळालेला डबा, मशीन बंद न करता, ड्रॉवरसारखा ओढून बदलता येतो. हिशोबही सोपा आहे. एक सप्लाय शंभरात एकदा दगा देत असेल आणि दुसराही तसाच असेल, तर दोघं एकाच वेळी दगा देण्याची शक्यता दहा हजारांत एक. अट एवढीच की दोघांचा एकमेकांशी संबंध नको.

ही अट लोक सर्रास मोडतात. आमच्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी असा सर्व्हर पाहिला. हौसेनं घेतलेला, दोन सप्लायवाला. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या, बोर्ड एकाच यूपीएसला, आणि यूपीएसच्या बॅटरीत कुणी कधी पाणी घातलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. दुसरी वायर नेमकी कुठून कुठपर्यंत जाते, आणि कुणाच्या वाट्याला ती कधी आलीच नाही?

याची सुरुवात कम्प्युटरपासून होत नाही. लाईन गेली तरी काम थांबता कामा नये, हा हट्ट आधी टेलिफोनवाल्यांनी धरला. जुना काळा फोन आठवून बघा. घरात मिट्ट काळोख असायचा आणि फोन मात्र वाजायचा. कारण त्या फोनला घरातली वीज लागतच नसे. त्याची वीज टेलिफोनच्या तारेतूनच, एक्स्चेंजमधून यायची. एक्स्चेंजच्या एका खोलीत दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीनं मांडलेले असत. त्यांचे मिळून ४८ व्होल्ट होत. सरकारी वीज यायची ती थेट फोनला नाही, या बॅटऱ्यांना भरत राहायची. यंत्रणा चालायची बॅटरीवर. त्यामुळे बाहेरची लाईन गेली तर ‘बदल’ असा काही होतच नसे, फक्त भरणं थांबायचं. जास्त वेळ झाला की डिझेल इंजिन सुरू करायचं. आजचा ‘ऑनलाइन’ यूपीएस याच तत्त्वावर चालतो. आलेली वीज आधी डीसी करायची, मध्ये बॅटरी ठेवायची, मग पुन्हा एसी करून सर्व्हरला द्यायची. घरचा इन्व्हर्टर लाईन गेल्यावर कूस बदलतो, त्यात काही मिलिसेकंद जातात. ऑनलाइन यूपीएसला कूस बदलावीच लागत नाही.

१९८४ मध्ये केंद्र सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली, सॅम पित्रोदांचं नाव त्या काळात घराघरांत गेलं. सी-डॉटचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. बेळगावपासून हे गाव फार लांब नाही. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची. आपल्या इंजिनिअरांनी उष्णता, धूळ आणि लहरी वीज गृहीत धरूनच यंत्र बनवलं. मला ही गोष्ट मोठी वाटते. लाईन जाणारच, असं मानून रचना करणं हा पराभव नव्हे. खेड्याचा पत्ता माहीत असलेल्या माणसाचं ते काम आहे.

दुसरी वायर मोहल्ल्यात आली ती मशिदीच्या अॅम्प्लिफायरमधून. अहुजाचा तो राखाडी डबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल. मागच्या बाजूला दोन तोंडं असत, एक २३० व्होल्टचं आणि एक १२ व्होल्ट बॅटरीचं. खाली ट्रकची किंवा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. अजानची वेळ ठरलेली, लाईनची वेळ ठरलेली नाही, तेव्हा बॅटरी हवीच. हाच डबा गणपतीच्या मांडवात, हरिनाम सप्ताहात आणि निवडणुकीच्या जीपमध्येही असायचा. ‘ड्युअल पॉवर सप्लाय’ हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी मुअज्जिनला आणि भजनी मंडळाला ती वस्तू माहीत होती.

ज्यांच्या हातांनी हे सगळं चालायचं त्यांचा उल्लेख कुठल्या इतिहासात येत नाही. बॅटरी, मोटार वाइंडिंग, डायनॅमो, डिझेल इंजिनाची दुरुस्ती ही कामं आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांत बऱ्याच अंशी मुस्लिम कारागिरांच्या हातात राहिली. बसस्टँडजवळचं टपरीवजा दुकान, बाहेर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, आम्लानं भोकं पडलेली लुंगी. आमच्या नात्यातले एक चाचा हेच काम करत. बॅटरी घेऊन कुणीही आलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

“पानी कब डाला था?”

“चाचा, नवीनच आहे ती.”

“नवीन तर आहे, पण पाणी?”

गिऱ्हाईक गप्प. मग ते हायड्रोमीटर काढून प्रत्येक घरातलं द्रावण ओढून दाखवत. सहापैकी एक घर मेलेलं असलं की बॅटरी मेली. चांगली पाच घरं असून उपयोग नाही, कारण सहाही एकामागोमाग एक जोडलेली. आज डेटा सेंटरमध्ये प्रत्येक सेलवर सेन्सर बसवून हेच पाहतात.

आणि आमचा उन्हाळा. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून मोजलेलं असतं. त्याच्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीतल्या बॅटरीची गत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. कंपनीच्या कागदावर पाच वर्षं लिहिलेली बॅटरी आमच्याकडे दोन-अडीच वर्षांत मान टाकते आणि दुकानदार फसवतो असं लोकांना वाटतं.

आता विजेकडे येऊ. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, नंतर मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. राज्याचं विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं. गावोगाव खांब उभे राहिले ते पुढच्या दोन-तीन दशकांत. त्याआधी वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत वाफेची आणि मग तेलाची इंजिनं होती. मोटारी आल्या तरी शहाण्या मालकानं इंजिन विकलं नाही. कापसाचा हंगाम चार महिन्यांचा, अंगणात गाड्या उभ्या, त्यात लाईनची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. शेतकऱ्यानंही तेच केलं. विहिरीवर इलेक्ट्रिक मोटार बसली तरी ऑइल इंजिन झाकून बाजूला ठेवलेलं असायचं.

ही इंजिनं बनवणारा प्रांत आपलाच आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून पुण्यात. अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीबरोबर भागीदारी करून किर्लोस्करांनी १९६२ मध्ये कोथरूडला मोठ्या डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. आज देशभरातल्या डेटा सेंटरांमागे, रुग्णालयांमागे, मॉलमागे जे जनरेटर उभे असतात, त्यांतल्या पुष्कळांवर या दोनपैकी एक नाव सापडेल. शेतीच्या पाण्यासाठी शिकलेली विद्या पुढे सर्व्हर जिवंत ठेवण्याच्या कामी आली.

वीज तयार करण्यात विदर्भ कधी मागे नव्हता. कोराडी १९७४ पासून, चंद्रपूर १९८३ पासून. चंद्रपूरचं केंद्र विस्तारत आता २,९२० मेगावॉटचं झालं आहे. आमच्याच जिल्ह्यात वणीच्या पट्ट्यात राजूर, उकणीच्या कोळसा खाणी आहेत. कोळसा इथला, धूर इथला, राख इथली. वीज उच्च दाबाच्या तारांवरून शेकडो किलोमीटर पश्चिमेला जाते, आणि त्या तारा ज्या शेतांवरून जातात त्या शेतातली मोटार बंद असते. विदर्भवादी नेते सभांमधून हे सांगून टाळ्या घेतात आणि निवडून आल्यावर विसरतात, तो भाग सोडून देऊ. पण मुद्दा खोटा नाही.

बँकांमध्ये कम्प्युटर आला तो भांडण करत आला. नोकऱ्या जातील ही भीती होती. १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांमध्ये लेजर लिहिणारी यंत्रं दिसू लागली. खरी घाई झाली १९९८ नंतर. केंद्रीय दक्षता आयोगानं सरकारी बँकांना १ जानेवारी २००१ पूर्वी ७० टक्के व्यवहार कम्प्युटरवर आणायला सांगितलं. पारदर्शकतेसाठी हे आवश्यक होतं. पण प्रत्येक शाखेचा सर्व्हर तेव्हा त्या शाखेतच असायचा. म्हणजे तालुक्याच्या गावात, दोन-चार कपाटांच्या मागे, एका काचेच्या खोपटात बँकेचा जीव ठेवलेला, आणि शेजारच्या खोलीत त्याला जिवंत ठेवणाऱ्या बॅटऱ्यांची रांग.

त्या काळातल्या शाखेची एक गोष्ट मला फार आवडते. सर्व्हरला नुसती वीज पुरत नाही, चांगलं अर्थिंगही लागतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की इंजिनिअर मशीन सुरू करायला नकार द्यायचा. अर्थिंग म्हणजे मीठ आणि कोळसा घालून पुरलेली पट्टी, आणि ती ओल्या मातीत असली तरच काम करते. आमच्याकडे उन्हाळ्यात माती भेगाळते. मग शाखेचा शिपाई रोज सकाळी बादली घेऊन मागच्या अंगणातल्या त्या खड्ड्यात पाणी ओतायचा. लाखोंचे व्यवहार एका बादलीवर. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथे ही बादलीसुद्धा सोपी नव्हती.

वीज मध्येच गेली तर बिघडतं काय, हा प्रश्न लोक विचारतात. पुन्हा चालू करायचं, बस. पण एका खात्यातून पैसे वजा होणं आणि दुसऱ्यात जमा होणं ही दोन कामं आहेत. मधल्या क्षणी मशीन बंद पडलं तर पैसे एकीकडून गेले आणि दुसरीकडे पोचलेच नाहीत. म्हणून डेटाबेसमध्ये नियम असतो की दोन्ही नोंदी झाल्या तरच व्यवहार पक्का, नाहीतर दोन्ही रद्द. पण हा नियम पाळायला डिस्कवर खरोखर लिहिलं गेलेलं असावं लागतं. वेग वाढवण्यासाठी डिस्कचं नियंत्रण करणारं कार्ड आधी आपल्या स्मृतीत लिहून घेतं आणि ‘झालं’ असं कळवून टाकतं. तेवढ्यात लाईन गेली तर? म्हणून त्या कार्डावर काडेपेटीएवढी वेगळी बॅटरी बसवलेली असते, न लिहिलेला मजकूर दोन-तीन दिवस सांभाळण्यासाठी. म्हणजे खांबावरची लाईन, जनरेटर, यूपीएस, दोन सप्लाय, आणि शेवटी ही इवलीशी बॅटरी. सावधगिरीचे थरावर थर. याच्यावरही विश्वास न ठेवणारे जुने हेडक्लार्क रोज संध्याकाळी रुंद कागदावर सगळं लेजर छापून घेत. डॉट मॅट्रिक्सची ती करकर शाखा बंद होईपर्यंत चालायची. त्यांना कुणी जुनाट म्हटलं तरी मी म्हणणार नाही.

मग २००५ उजाडलं. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प मे २००१ पासून बंद होता, नवे प्रकल्प झालेले नव्हते, मागणी मात्र वाढत गेली. राज्याची तूट चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात गेली. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, आणि ‘भारनियमन’ हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसला. वर्तमानपत्रात वेळापत्रकं छापून यायची. खेड्यात बारा-बारा तास लाईन नसायची. त्या वर्षांत रमजान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येत होता, नेमका ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि रब्बीच्या ओलिताच्या वेळेला. सेहरीला अंधार, इफ्तारला अंधार. नवरात्रीतही तेच. वेळ बदलून मिळावी म्हणून दोन्हीकडची मंडळी निवेदनं घेऊन एकाच साहेबाच्या दारात उभी राहायची. बऱ्याच मशिदींत पहिला इन्व्हर्टर आला तो याच काळात, चंदा गोळा करून.

महावितरणनं गट पाडले. जिथे बिलाची वसुली चांगली आणि गळती कमी तिथे भारनियमन कमी, जिथे वसुली कमी तिथे जास्त. वरवर पाहता न्याय्य वाटतं. पण एकाच फीडरवर बिल भरणाराही असतो आणि आकडा टाकणाराही. भरणाऱ्यानं दुसऱ्याच्या चोरीची शिक्षा भोगायची. शिवाय ज्या भागात रोजगार नाही, पीक नाही, तिथे थकबाकी असणारच. गरिबीची वर्गवारी करून तिला ए, बी, सी अशी अक्षरं दिली, एवढंच त्याचं वर्णन मी करेन.

पुण्यानं त्यातून वेगळी वाट काढली. २००६ चा ‘पुणे पॅटर्न’ आठवत असेल. पुण्याच्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते, संकटकाळासाठी ठेवलेले. उद्योगांच्या संघटनेनं प्रस्ताव दिला की टंचाईच्या तासांत आम्ही आमचे जनरेटर चालवतो, ग्रिडमधून कमी वीज घेतो, ती वाचलेली वीज शहराला द्या. डिझेलचा जादा खर्च भरून काढायला जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर थोडा आकार बसवायचा. वीज नियामक आयोगानं मान्यता दिली आणि पुणे भारनियमनातून सुटलं. कल्पना म्हणून ही देखणी आहे. खाजगी ‘दुसरी वायर’ सार्वजनिक कामाला लावली. पण ती लावायला आधी वायर असावी लागते. यवतमाळात कुठला कारखाना एवढे जनरेटर घेऊन बसला होता? ज्या शहराकडे दुसरी वायर होती ते सुटलं, ज्या जिल्ह्याकडे पहिलीच धड नव्हती तो अडकून राहिला.

आमच्याकडे तोडगे निघाले ते वेगळे. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचं काम सुरू झालं. ते होईपर्यंत सिंगल फेजिंग आलं, म्हणजे घरातले दिवे लागतील पण तीन फेजची मोटार चालणार नाही. मग शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटारी पळवल्या, त्या जळाल्या, वाइंडिंगवाल्यांकडे रांगा लागल्या. शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळी. रात्री दोन वाजता ओलिताला जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली साप असतो, हे वेळापत्रक आखणाऱ्याला कसं दिसणार?

इथे साहेबराव करपे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे हे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून त्या घटनेची नोंद होते. त्यांच्याविषयी जे लिहिलं गेलं त्यात थकलेल्या वीजबिलाचा, तोडलेल्या वीजजोडणीचा आणि पाण्यावाचून वाळलेल्या पिकाचा उल्लेख येतो. कारणं अनेक असतात, सगळं एका वायरीवर ढकलणं बरोबर नाही. पण ज्या उभ्या पिकाला एकाच लाईनीचा आधार आहे त्याची लाईन तोडणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला तेव्हापासून माहीत आहे. अंबाजोगाईचे अमर हबीब यांच्या पुढाकारानं २०१७ पासून १९ मार्चला अन्नत्याग केला जातो. बहुतेकांना त्यातली ही विजेची बाजू माहीत नसते.

शहरांतल्या सर्व्हरांचा प्रवास दरम्यान उलट दिशेनं चालला होता. शाखेतला सर्व्हर उचलून मुंबईला गेला. कोअर बँकिंग आलं आणि शाखेत उरले नुसते पडदे आणि कळफलक. मोठ्या डेटा सेंटरांसाठी अपटाइम इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संस्थेनं चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवर वर्षाला सुमारे २८.८ तास बंद राहण्याची मुभा धरतात, चौथ्या पायरीवर जेमतेम २६ मिनिटं. हिशोब करून पाहिला. बारा तासांच्या भारनियमनात पहिल्या पायरीचा अख्ख्या वर्षाचा कोटा आमच्या गावात अडीच दिवसांत संपायचा. पनवेलजवळ आज चौथ्या पायरीचं केंद्र उभं आहे. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात अशा इमारतींची रांग लागली आहे.

या इमारतींना धक्के बसलेच नाहीत असं नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरांची वीज बंद करावी लागली, बँकांची एटीएम ठिकठिकाणी ठप्प झाली. जनरेटर तळघरात ठेवू नये हा धडा अनेकांनी तेव्हा घेतला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी ज्या प्रदेशात अंधार झाला तिथे साठ कोटींहून जास्त लोक राहत होते. पश्चिम ग्रिड बाजूला होऊन वाचली. ग्रिड कोसळू लागली तर स्वतःला तोडून घेऊन टाटांच्या वीज केंद्रांवर चालू राहायचं, अशी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था मुंबईकडे होती. मुंबईकरांना तिचा फार अभिमान. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ती चाललीच नाही. लोकल थांबल्या, करोनाचे रुग्ण असलेल्या रुग्णालयांत जनरेटर सुरू झाले. शेअर बाजार मात्र नेहमीसारखा चालू राहिला. ज्याच्याकडे स्वतःची दुसरी वायर होती त्याला शहर बंद पडल्याचं जाणवलंही नाही.

आता २०१७ ची कर्जमाफी. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. जुलैच्या शेवटी अर्ज सुरू झाले, तेही फक्त ऑनलाइन. मुदत १५ सप्टेंबर, नंतर वाढवून २२. ‘आपले सरकार’ केंद्रांसमोर नवरा-बायको दोघं आधार कार्ड घेऊन, मजुरी बुडवून, रात्रीपासून रांगेत. आणि आतून आवाज यायचा, “सर्व्हर डाऊन आहे.” हे दोन इंग्रजी शब्द त्या वर्षी निरक्षर आजीलाही पाठ झाले.

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बंद? कधी लांबचं केंद्रच गर्दीनं गुदमरायचं, ते खरं. पण पुष्कळदा तिकडची यंत्रणा खडखडीत चालू असायची आणि इकडे गावची लाईन गेलेली असायची. केंद्रवाल्याच्या इन्व्हर्टरला तासाभराचा दम. तोही पुरला तर मोबाईल टॉवरची बॅटरी उतरायची, टॉवरचं डिझेल आलेलं नसायचं. अंगठा घेणारं यंत्र चालू, लॅपटॉप चालू, पण मधला दुवा मेलेला. चाचांच्या बॅटरीतलं सहावं घर. सरकारनं दुसरी वायर घातली ती सर्व्हरपाशी, जिथे साहेबाला दिसते. अर्जदाराच्या टोकाला एकच ठेवली, आणि अंतिम तारीख मात्र दोन्ही टोकांना सारखी लावली. सर्व्हर किती तास चालू राहिला याचा हिशोब लिहिला जातो. केंद्राबाहेर उभ्या राहिलेल्या बाईची किती दिवसांची मजुरी गेली, ते कुठल्याच पायरीत धरलेलं नाही.

सातबारा, पीक विमा, रेशनचा अंगठा, शिष्यवृत्ती, निराधारांचं अनुदान, सगळंच आता त्या वाटेनं जातं. भारनियमन पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. तरी वादळी पावसात तार तुटली की खेड्यात दोन-दोन दिवस लाईन येत नाही. शेतीसाठी सौर पंपांची योजना जोरात आहे, आमच्याकडेही शेतात निळ्या पाट्या दिसू लागल्या आहेत. दिवसा पाणी देता येतं, रात्रीचं जागरण सुटलं, म्हणून शेतकरी खूश आहेत. पण तो पंप ज्यांच्याकडे पारंपरिक वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. म्हणजे ऊन नाहीतर लाईन, दोन्ही नाही. आठ दिवस ढग राहिले आणि नेमका त्याच वेळी पावसानं खंड दिला, की पाटी गप्प.

गेल्या पावसाळ्यात दारव्ह्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी विचारलं, “भाऊ, सौर पंप आला, आता ते जुनं इंजिन भंगारात देणार का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बैल विकायला सांगतोय. इंजिन गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होतं. टाकीत डिझेल होतं, पट्टा नवीन होता.